पोस्टग्रेसच्या एक्स्टेंशनच्या चाचण्या पुन्हा पुन्हा अडकतात तेव्हा: लक्षणे आणि तपासणीचा क्रम

लक्षणे

एक्स्टेंशन म्हणजे पोस्टग्रेस या डेटाबेस-सर्व्हरला नवी सोय देणारा पूरक भाग. त्याच्या चाचण्या घेताना पुढीलपैकी एक किंवा अधिक लक्षणे दिसत असतील तर हे लेखन आपल्यासाठी आहे.

– चाचण्यांसाठी ‘मेक चेक’ ही आज्ञा दिल्यावर ती चालत नाही आणि आधी इन्स्टॉल करून मग ‘मेक इन्स्टॉलचेक’ चालवा, असे उत्तर येते.
– एक्स्टेंशन उपलब्ध नाही, त्याची कंट्रोल फाइल (एक्स्टेंशनची मूळ माहिती असलेली फाइल) उघडता आली नाही, असा संदेश येतो. फाइल मात्र आपण नुकतीच बसवलेली असते.
– लायब्ररी विसंगत आहे, सर्व्हरची आवृत्ती एक आणि लायब्ररीची दुसरी, असे सांगितले जाते.
– आपल्या नावाचा रोल, म्हणजे डेटाबेसमधला वापरकर्ता, अस्तित्वात नाही, किंवा निकालांच्या फोल्डरात लिहिण्याची परवानगी नाही.
– चाचण्या एका यंत्रावर उत्तीर्ण होतात, शेजारच्या यंत्रावर होत नाहीत, आणि फरकाच्या फाइलमधील दोन्ही ओळी डोळ्यांना तंतोतंत सारख्या दिसतात.
– कोड चुकीचा बदलला तरी सगळ्या चाचण्या उत्तीर्णच होतात.
– सर्व्हरने अचानक जोडणी तोडली, असा संदेश येतो.

यांतील पहिले लक्षण हा बिघाडच नव्हे. पीजीएक्सएस या बांधणी-व्यवस्थेत स्वतंत्र एक्स्टेंशनसाठी ‘मेक चेक’ची सोयच नाही, चाचण्या चालू असलेल्या सर्व्हरवरच घ्याव्या लागतात. सहावे लक्षण मला सर्वांत धोक्याचे वाटते, कारण त्यात कोणताही लाल अक्षरांतला इशारा नसतो.

कोल्हापुरातील आमच्या लहान कार्यालयात ऊसनोंदणीसाठी क्षेत्रमापनाचे एक एक्स्टेंशन आम्ही सांभाळतो. शेतकरी क्षेत्र एकर-गुंठ्यांत सांगतो, सातबारावर ते हेक्टर-आरमध्ये असते, आणि या दोहोंमधले रूपांतर डेटाबेसच्या आतच एकाच ठिकाणी व्हावे यासाठी ते सी भाषेत लिहिलेले आहे. पोस्टग्रेसची नवी मुख्य आवृत्ती दरवर्षी येते आणि प्रत्येक आवृत्तीला साधारण पाच वर्षे आधार मिळतो. त्यामुळे आमच्या यंत्रांवर एका वेळी तीन-चार आवृत्त्या नांदत असतात. प्रशिक्षणार्थीही दरवर्षी नवे येतात आणि नव्या लॅपटॉपवर तोच बिघाड नव्याने उभा राहतो. तो इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की तपासणीचा क्रम आता ठरून गेला आहे. सोपे आणि फुकटचे आधी, वेळखाऊ आणि अवघड नंतर.

आधी दोन फाइली वाचाव्यात

चाचणी नापास झाली की पीजी_रिग्रेस हे चाचण्या चालवणारे साधन ‘रिग्रेशन डॉट डिफ्स’ नावाची फाइल लिहून ठेवते. तिच्यात वजाचे चिन्ह असलेली ओळ म्हणजे अपेक्षित निकाल आणि अधिकचे चिन्ह असलेली ओळ म्हणजे प्रत्यक्ष आलेला निकाल. ही फाइल वरपासून वाचावी, कारण एक्स्टेंशन तयार करण्याची पहिलीच आज्ञा फसली असेल तर पुढच्या दोनशे ओळींचा फरक हा त्या एकाच चुकीचा परिणाम असतो. दुसरी फाइल सर्व्हरच्या लॉगची. पीजी_रिग्रेसला दिसते ते फक्त क्लायंटच्या बाजूचे. सर्व्हर कोसळला की त्याला एखादी लायब्ररी सापडली नाही, याचे कारण लॉगमध्येच असते.

वाचण्याचा कंटाळा करून निकालांच्या फोल्डरातील फाइल उचलून अपेक्षित निकालांच्या फोल्डरात टाकणे ही या कामातील सर्वांत वाईट सवय आहे. आमच्याकडे असे एकदा घडले. चाचणीत १ एकर १२.५ गुंठे, म्हणजे ५२.५ गुंठ्यांचे चौरस मीटर विचारले होते. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, अर्थात सुमारे १०१.१७ चौरस मीटर. म्हणून अपेक्षित उत्तर ५३११ होते. फरकाच्या फाइलमध्ये वजाच्या ओळीवर ५३११ आणि अधिकच्या ओळीवर ५२५० होते. बोलण्यात गुंठा आणि आर एकच धरले जातात, तोच समज कोडमध्ये शिरला होता आणि गुंठ्याचे १०० चौरस मीटर धरले गेले होते. प्रशिक्षणार्थ्याने नवा निकाल हाच अपेक्षित निकाल म्हणून चढवला आणि चाचणी उत्तीर्ण झाली. तो बदल बाहेर जाण्यापूर्वी पडताळणीत सापडला, परंतु तेव्हापासून अपेक्षित निकालाच्या फाइलमधील प्रत्येक बदललेल्या ओळीचे कारण लिहिल्याशिवाय आम्ही तो बदल स्वीकारत नाही.

बांधणी, बसवणे आणि चालवणे एकाच सर्व्हरसाठी होत आहे का

माझ्या अनुभवात दर दहा तक्रारींपैकी बहुतेक तक्रारी येथेच मिटतात, म्हणून या तपासणीवर घाई करू नये.

एक्स्टेंशनची चाचणी ही एक क्रिया नसून तीन आहेत. ‘मेक’ कोड संकलित करते, ‘मेक इन्स्टॉल’ लायब्ररी, कंट्रोल फाइल आणि एसक्यूएल फाइल योग्य फोल्डरांत ठेवते, आणि ‘मेक इन्स्टॉलचेक’ चालू सर्व्हरला जोडून घेऊन चाचण्या घेते. पहिल्या दोन क्रिया कोणत्या आवृत्तीसाठी होणार हे पीजी_कॉन्फिग, म्हणजे पोस्टग्रेसच्या फोल्डरांचे मार्ग सांगणारा छोटा प्रोग्राम, ठरवतो. तिसरी क्रिया कोणत्या सर्व्हरवर होणार हे मात्र पोर्ट, म्हणजे सर्व्हर ज्या क्रमांकावर जोडण्या घेतो तो आकडा, ठरवतो, आणि पोर्ट सांगितला नसेल तर ५४३२ धरला जातो. म्हणजे १६व्या आवृत्तीसाठी बांधलेले, १६व्या आवृत्तीच्या फोल्डरात बसवलेले एक्स्टेंशन ५४३२ वर चालणाऱ्या १७व्या आवृत्तीवर तपासले जाऊ शकते, आणि त्या सर्व्हरला कंट्रोल फाइल सापडणारच नाही. त्याहून वाईट म्हणजे तेथे गेल्या महिन्यात बसवलेली जुनी प्रत असेल, तर तीच तपासली जाईल आणि सगळे उत्तीर्ण होईल. सहाव्या लक्षणाचे मूळ बहुधा हे असते, किंवा मग कोड बदलल्यावर ‘मेक इन्स्टॉल’ करायचेच राहून गेलेले असते. ‘इन्स्टॉलचेक’ स्वतः काहीही बसवत नाही.

डेबियन किंवा उबंटूवर ‘पीजी_एलएसक्लस्टर्स’ ही आज्ञा द्यावी. कोणती आवृत्ती कोणत्या पोर्टवर आहे आणि ती चालू आहे की बंद, हे एका नजरेत कळते. येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो: ‘पीजी_अपग्रेडक्लस्टर’ वापरून आवृत्ती वाढवली की नवा क्लस्टर (एक सर्व्हर आणि त्याचे सर्व डेटाबेस) जुन्याचा पोर्ट घेतो आणि जुना दुसऱ्या पोर्टवर जातो. काल ५४३२ वर असलेला सर्व्हर आज तेथे नसतो, आणि ज्याने ते काम केले तो सांगायला विसरलेला असतो. म्हणून जोडणी करून सर्व्हरलाच त्याची आवृत्ती विचारावी.

त्यानंतर पीजी_कॉन्फिग. एका यंत्रावर त्याच्या अनेक प्रती असू शकतात, आणि पाथमध्ये, म्हणजे आज्ञा शोधण्याच्या फोल्डरांच्या यादीत, प्रथम सापडणारी प्रत बहुधा सर्वांत नव्या आवृत्तीकडे बोट दाखवते. प्रत्येक आवृत्तीची स्वतःची प्रत त्या आवृत्तीच्या बिन फोल्डरात असते. खरी मेख सुडोची, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा चालवणाऱ्या साधनाची आहे. ‘मेक’ आपण आपल्या पाथने चालवतो, पण ‘सुडो मेक इन्स्टॉल’ करताना सुडो सुरक्षेसाठी स्वतःचा ठरलेला पाथ वापरतो, त्यामुळे त्याला वेगळाच पीजी_कॉन्फिग सापडतो. परिणामी बांधणी एका आवृत्तीची आणि बसवणे दुसरीत. पर्यावरण चलावर विसंबून न राहता तिन्ही आज्ञांच्या ओळीवरच पीजी_कॉन्फिगचा पूर्ण मार्ग लिहावा आणि तिसऱ्या आज्ञेपूर्वी पोर्टही स्पष्ट द्यावा. हे टंकायला दहा सेकंद अधिक लागतात आणि अर्धा दिवस वाचतो.

आवृत्ती बदलताना ‘मेक क्लीन’ करणे तितकेच आवश्यक आहे. आधीच्या आवृत्तीसाठी संकलित झालेल्या ऑब्जेक्ट फाइली तशाच राहिल्या तर ‘मेक’ला त्या ताज्या वाटतात, तो त्या पुन्हा बांधत नाही, आणि १६ची लायब्ररी १७च्या फोल्डरात जाऊन बसते. सर्व्हर ती उघडताना लायब्ररीत कोरलेली आवृत्ती तपासतो आणि नकार देतो. हा नकार आपल्याला त्रासदायक वाटतो, परंतु तो नसता तर चुकीच्या रचनेच्या स्मृतीवर कोड चालला असता, म्हणून त्या संदेशाचे आभारच मानावेत.

संकलनच होत नसेल आणि पोस्टग्रेसची हेडर फाइल सापडत नसेल, तर त्या आवृत्तीचे सर्व्हर-डेव्ह पॅकेज बसवलेले नाही, इतकेच.

रोल आणि परवानगी

इन्स्टॉलचेक आधी ‘कॉन्ट्रिब_रिग्रेशन’ नावाचा डेटाबेस असल्यास काढून टाकतो आणि नव्याने तयार करतो, आणि सी भाषेतील फंक्शने नोंदवण्यासाठी सहसा सुपरयूजर, म्हणजे सर्व अधिकार असलेला रोल, लागतो. आपल्या नावाचा रोल नसेल तर पुष्कळ जण पोस्टग्रेस या यूजरच्या रूपात चाचण्या चालवतात. मग त्या यूजरला आपल्या होम फोल्डरात निकाल लिहिता येत नाहीत आणि बिघाडाचे स्वरूप फक्त बदलते. योग्य उपाय असा की चाचणीच्या क्लस्टरवर, आणि फक्त तेथेच, आपल्या लॉगिनच्या नावाचा सुपरयूजर रोल तयार करावा.

एक्स्टेंशन सर्व्हर सुरू होतानाच आधी लोड करावे लागत असेल, म्हणजे ‘शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीज’मध्ये त्याचे नाव असेल, तर प्रत्येक इन्स्टॉलनंतर सर्व्हर पुन्हा सुरू करावा. नुसते रीलोड पुरत नाही. इतर एक्स्टेंशनांना हे लागत नाही, कारण प्रत्येक चाचणी फाइल नव्या जोडणीत चालते आणि लायब्ररी तेव्हाच वाचली जाते.

निकाल बरोबर, तरी फरक दिसतो

आता खरे पोस्टग्रेस शिकावे लागते. पीजी_रिग्रेस निकाल अक्षराला अक्षर ताडून पाहतो. अर्थ त्याला कळत नाही.

पहिली गोष्ट क्रमाची. क्वेरीत ‘ऑर्डर बाय’ नसेल तर ओळींचा क्रम पोस्टग्रेसने कधीही कबूल केलेला नाही. लहान टेबलावर तो वर्षभर तोच येईल आणि एके दिवशी क्वेरी चालवण्याचा प्लॅन बदलला की बदलेल. ‘ऑर्डर बाय’ लिहिल्यावरही मजकुराचा क्रम डेटाबेसच्या कोलेशनवर, म्हणजे क्रम लावण्याच्या नियमांवर, अवलंबून राहतो. आमच्या एका चाचणीत करवीर, कळंबा आणि कसबा बावडा ही तीन नावे होती. सी कोलेशनमध्ये क्रम युनिकोडच्या अंकांनुसार लागतो. तेथे ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे बसतो, म्हणून कळंबा हे कसबा बावड्याच्या आधी येते. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ ‘ह’नंतर आहे, आणि आयसीयू या युनिकोड लायब्ररीच्या मराठी कोलेशनने लावले तर कसबा बावडा आधी आणि कळंबा नंतर येते. दोन्ही क्रम आपापल्या जागी बरोबर आहेत, पण चाचणीला एकच क्रम माहीत असतो. चाचणीचा डेटाबेस, वेगळे सांगितले नाही तर, त्या क्लस्टरची लोकॅल, म्हणजे भाषा-प्रदेशाची मांडणी, घेतो, आणि क्लस्टर ज्याने बसवला त्याच्या यंत्रावर ती काहीही असू शकते. म्हणून मेकफाइलमधील रिग्रेसच्या पर्यायांत ‘नो-लोकॅल’ आणि यूटीएफ-८ एन्कोडिंग लिहून टाकावे, आणि जेथे मराठी क्रमच तपासायचा आहे तेथे त्या क्वेरीतच कोलेशनचे नाव द्यावे.

दुसरी गोष्ट मी तीन वेळा सोडवली आहे आणि तिन्ही वेळा समोरचा माणूस रडकुंडीला आलेला होता. ‘कऱ्हाड’ या नावाची ओळ वजाच्या बाजूला आणि अधिकच्या बाजूला अगदी एकसारखी दिसत होती. अर्धा ‘ऱ’ संगणकात तीन तऱ्हेने लिहिता येतो: ‘ऱ’ या एकाच संकेतांकाने, ‘र’ला नुक्ता जोडून, किंवा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह मिळून. पडद्यावर तिन्हींचे रूप एकच, बाइट वेगळे. चाचणीची फाइल एका कीबोर्डवर टंकलेली आणि अपेक्षित निकालाची फाइल दुसऱ्या संपादकातून हाताने दुरुस्त केलेली असली की हा फरक येतो. डोळ्यांवर भरवसा न ठेवता ‘कॅट’ला अदृश्य अक्षरे दाखवण्याचा पर्याय देऊन दोन्ही ओळी पाहाव्यात. पोस्टग्रेस १३पासून मजकूर प्रमाणित रूपात आणणारे ‘नॉर्मलाइज’ हे फंक्शन आहे. ते पहिल्या दोन तऱ्हा एक करते, परंतु अदृश्य जोडचिन्हाची तिसरी तऱ्हा त्याच्या कक्षेत येत नाही. ती आपणच ठरवून एका रूपात आणावी लागते. या शोधातून आमच्या एक्स्टेंशनमधला खरा दोषही सापडला, कारण गावाच्या नावावरून होणारी जुळणीही याच कारणाने चुकत होती.

उरलेली कारणे थोडक्यात. दशांश संख्या फ्लोट या अंदाजे किंमत साठवणाऱ्या प्रकारात असतील तर ११ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत ०.१ अधिक ०.२ हे ०.३ छापले जात असे. १२पासून तेच ०.३०००००००००००००००४ छापले जाते. क्षेत्राचे आकडे न्यूमेरिक या अचूक प्रकारात ठेवावेत, केवळ चाचणीसाठी नव्हे. वेळेच्या बाबतीत पीजी_रिग्रेस स्वतःच अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचे टाइमझोन लावतो, त्यामुळे भारतीय वेळ अपेक्षित धरणाऱ्याला साडेबारा-साडेतेरा तासांचा फरक दिसतो. चाचणीत टाइमझोन स्पष्ट लिहावे. क्वेरीचा प्लॅन दाखवणाऱ्या ‘एक्स्प्लेन’चे निकाल तपासत असाल तर खर्चाचे आकडे बंद करावेत. ओआयडी, म्हणजे सर्व्हरने आतल्या आत दिलेले क्रमांक, तर कधीच छापू नयेत. आणि दोन आवृत्त्यांत संदेशाचे शब्दच खरोखर बदललेले असतील, तर त्याच नावापुढे _१ जोडून अपेक्षित निकालाची पर्यायी फाइल ठेवता येते. हा मार्ग शेवटचा समजावा. पर्यायी फाइल म्हणजे चुकीला मिळालेला आणखी एक दरवाजा असतो.

कधी उत्तीर्ण, कधी नापास

चाचण्या मेकफाइलमध्ये लिहिलेल्या क्रमाने एकामागून एक चालतात, आणि पहिल्या फाइलने बनवलेले टेबल तिसरी फाइल नकळत वापरत असते. नापास होणारी फाइल एकटी चालवून पाहावी. एकटी चालवल्यावर निकाल बदलत असेल तर दोष फाइलींच्या परस्परावलंबनात आहे. दोन जोडण्या एकाच वेळी एकाच ओळीवर काम करतात तेव्हाच बिघडते, असे असेल तर साध्या चाचण्यांचा उपयोग नाही. त्यासाठी आयसोलेशन चाचण्या आहेत आणि १२व्या आवृत्तीपासून पीजीएक्सएसमध्ये त्यांची सोय आहे. पर्लमध्ये लिहिलेल्या टॅप चाचण्या सुरूच होत नसतील, तर पर्लचे आयपीसी-रन हे मोड्यूल नसणे हे नेहमीचे कारण.

येथवर काही सापडले नाही तर आपले यंत्रच संशयित धरावे. डेबियनवर ‘पीजी_व्हर्च्युअलएन्व्ह’ आवृत्तीचा आकडा देऊन चालवले की तो तात्पुरता क्लस्टर उभारतो, दिलेली आज्ञा त्याच्यावर चालवतो आणि शेवटी तो पुसून टाकतो. एक्स्टेंशन मात्र आधी त्या आवृत्तीत बसवलेले असले पाहिजे. कोऱ्या क्लस्टरवर चाचण्या उत्तीर्ण झाल्या, तर दोष आपल्या नेहमीच्या क्लस्टरच्या मांडणीत आहे; नापास झाल्या, तर तो कोडमध्ये आहे. ही तपासणी अवघड नाही, पण आधीच्या तपासण्या केल्याशिवाय तिचे उत्तर कळत नाही, म्हणून ती इतक्या खाली ठेवली आहे.

कोठे थांबावे

लॉगमध्ये सर्व्हरची प्रक्रिया सिग्नल ११ने संपली, असे दिसले तर सी कोडने भलत्याच स्मृतीला हात लावला आहे. नेहमीची कारणे दोन-तीन आहेत: नल किंमत न तपासणे, लांब मजकूर उलगडून न घेता थेट वाचणे, किंवा एका स्मृती-संदर्भात मिळवलेला पॉइंटर तो संदर्भ संपल्यावर वापरणे. यांपैकी कारण एका बैठकीत सापडले तर उत्तम. त्याच क्वेरीवर दर वेळी न कोसळता सर्व्हर मधूनच कोसळत असेल, तर पुढे जाऊ नये. असर्ट तपासण्या चालू ठेवून पोस्टग्रेस बांधणे, जीडीबीने बॅकट्रेस काढणे आणि व्हॅलग्रिंडखाली सर्व्हर चालवणे हे त्या कामात मुरलेल्या सी प्रोग्रामरचे काम आहे. अंदाजाने दोन ओळी बदलल्या आणि कोसळणे थांबले, याचा अर्थ दोष गेला असा होत नाही. तो बऱ्याचदा फक्त सरकतो.

दुसरी थांबण्याची जागा म्हणजे चालू कामाचा सर्व्हर. पोस्टग्रेसची एक प्रक्रिया अशी कोसळली की मुख्य प्रक्रिया बाकीच्या सर्व जोडण्याही तोडते आणि सर्व्हर सावरण्याच्या प्रक्रियेत जातो. गळीत हंगामात एका ठिकाणी पोर्ट न पाहता चालवलेली चाचणी नेमकी वजनकाट्याच्या सर्व्हरवर गेली. सर्व्हर काही मिनिटांत सावरला, पण तोवर काट्यावर उसाने भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत आली होती, आणि त्या रांगेत पहाटेपासून उपाशी उभी असलेली माणसे होती. म्हणून कामाच्या सर्व्हरवर इन्स्टॉलचेक कधीही चालवू नये, आणि तेथेच बिघाड दिसत असेल तर त्या सर्व्हरची जबाबदारी असलेल्या डेटाबेस प्रशासकाला बोलवावे.

तिसरी जागा कोलेशनची. ऑपरेटिंग सिस्टीम बदलल्यानंतर क्रमाच्या चाचण्या एकाएकी नापास होऊ लागल्या, तर तो केवळ चाचणीचा प्रश्न समजू नये. २०१८मध्ये आलेल्या ग्लिबसी २.२८ने (लिनक्सची मूलभूत सी लायब्ररी) मजकुराचे क्रम मोठ्या प्रमाणावर बदलले, आणि त्याआधी बांधलेले मजकुरावरील इंडेक्स त्यानंतर चुकीची उत्तरे देऊ शकतात. युनिक असूनही दुबार नोंदी शिरू शकतात. चाचणीच्या यंत्रावर रीइंडेक्स करून पाहावे, पण खऱ्या माहितीवर तो निर्णय बॅकअप हाती असलेल्या प्रशासकानेच घ्यावा.

जाणकाराला बोलवताना पुढील गोष्टी तयार ठेवाव्यात: सर्व्हरने स्वतः सांगितलेली आवृत्ती, वापरलेल्या पीजी_कॉन्फिगचा पूर्ण मार्ग, पोर्ट, रिग्रेशन डॉट डिफ्स, त्या मिनिटाचा सर्व्हर लॉग, आणि बिघाड दाखवणारी शक्य तितकी लहान एसक्यूएल फाइल. या सहा गोष्टी गोळा करतानाच आमच्याकडील निम्म्या जणांना पोर्टचा आकडा चुकल्याचे लक्षात येते आणि फोन करण्याची वेळ येत नाही.